टेबलाचं हृदय

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी शेवट जरा बरा केला असता.

आणि ती रात्रीची नाही. घुबड, रडणारी कुत्री वगैरे हवं असेल तर माफ करा. भर दुपार होती. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली, ट्यूबलाइटचा उजेड, कुरकुरणारा पंखा आणि एक स्टीलचं टेबल.

घडलं ते माझ्या मावसभावाच्या बाबतीत. घरात त्याला सगळे 'बटण' म्हणतात. लहानपणी बटण दिसलं की तो दाबायचाच. एकदा त्यानं अख्ख्या इमारतीचा आगीचा भोंगा वाजवला होता. लोक चपला हातात घेऊन खाली पळत होते आणि हा वरून टाटा करत होता.

पुढे तो इंजिनियर झाला. म्हणजे स्वतःची बटणं स्वतः बनवून दाबू लागला.

हृदयाचा आवाज डोळ्यांना दाखवणारं एक यंत्र त्यानं बनवलं होतं. छातीवर चकती ठेवायची, पडद्यावर रेघ उठायची. ठोक्यातलं 'लब' म्हणजे एक टेकडी, 'डब' म्हणजे दुसरी, जरा बुटकी. त्यामागे हृदयाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचे कान जात चालले होते आणि हे त्यांनी फक्त बटणला सांगितलं होतं.

"स्टेथोस्कोप आता नुसता दागिना झालाय रे," त्या म्हणायच्या. "गळ्यात घालते, मान डोलावते आणि अंदाजे ठोकते."

यंत्राला पहिलं हृदय मिळालं ते मावशीचं, म्हणजे बटणच्या आईचं. घरातलंच होतं, आढेवेढे घेणारं नव्हतं. तिच्या छातीत धातूची झडप बसवलेली होती आणि ती वाजायची. खरंच. टिक... टिक... टिक... नवीन पाहुणे भिंतीकडे बघत विचारायचे, "घड्याळ कुठंय हो?"

मावशी म्हणायची, "मीच."

पडद्यावर तिच्या दुसऱ्या टेकडीला एक टोकदार काटा यायचा. बटणनं तो इतक्यांदा पाहिला होता की झोपेतही ओळखला असता.

आता यंत्रातलं एक बटण समजून घ्या. सगळं त्याच्यावरच आहे.

वॉर्डात पंखे असतात, ट्रॉल्या असतात. तो आवाज हृदयात मिसळायला नको. म्हणून चकती आधी रिकाम्या टेबलावर ठेवायची, खोलीचा आवाज ऐकू द्यायचा आणि बटण दाबायचं. ऐकलेलं सगळं पुसलं जायचं. बटणाचं नाव 'वजा'.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आणि चुकून दाबलं तर? परत आणायचं बटण कुठंय?"

"चुकून कोण दाबतं?" बटण म्हणाला.

बटण म्हणाला हे!

त्या दुपारी रुग्णालयातले तीन ज्येष्ठ डॉक्टर यंत्र बघायला येणार होते. पसंत पडलं तर यंत्र वॉर्डात, नाहीतर सगळी मेहनत कपाटात. डॉक्टरीणबाईही बहुतेक कपाटातच.

बटणनं चकती टेबलावर ठेवली.

पंख्याची रेघ उठली. लिफ्टची उठली.

आणि मग...

दोन टेकड्या.

दुसरीला काटा.

टेबलावर कुणी नव्हतं. चकतीखाली थंडगार स्टील होतं. बटणनं वायर काढून लावली. मेमरी पुसली. टेबलाखाली वाकून पाहिलं, आई तिथे बसणाऱ्यातली नसली तरी.

काटा होताच.

त्यानं वजा दाबलं.

पंखा गेला. लिफ्ट गेली. टेकड्या फिकट झाल्या, एका ठोक्यापुरत्या थांबल्या... आणि पुन्हा उठल्या.

फोन वाजला. मावशी.

"काय केलंस रे आत्ता?"

"कुठे काय?"

"टिकटिक थांबली होती माझी. एवढीशीच. पण घर कसं एकदम गप्प झालं. घाबरले ना मी!"

"आई, पाणी पी आणि पड जरा."

"पडते कसली, गच्चीवर कपडे वाळतायत. तू बोल, मी जिना चढतेय."

फोनमधून टिकटिक ऐकू येत होती. टिक-टिक-टिक. भरभर.

पडद्यावरच्या टेकड्याही भरभर धावायला लागल्या.

ठोक्याला ठोका. काट्याला काटा.

बटणला कळलं. नंतर त्यानं सगळ्यांना सांगितलं की कळलं नव्हतं. मला मात्र खरं सांगितलं.

तेवढ्यात दार उघडलं. तिन्ही डॉक्टर आत आले, मागून डॉक्टरीणबाई. सगळ्यांत वयस्कर डॉक्टरांनी पडदा बघितला, मग टेबल बघितलं.

"हे हृदय कुणाचं म्हणायचं? टेबलाचं?"

"झडप बदललेली दिसतेय टेबलाची!" दुसरे म्हणाले. तिघंही खदाखदा हसले.

डॉक्टरीणबाई ओठ वाचायच्या. त्यांना विनोद कळला. चेहरा पडला.

"अरे, घालव ना ते," त्या हळूच म्हणाल्या.

फोन बटणच्या कानालाच होता.

"अगंबाई, दम लागला," मावशी म्हणत होती. "ऐकतोयस ना रे?"

"ऐकतोय," बटण म्हणाला.

आणि त्यानं वजा दाबलं.

नीट. पूर्ण. टेकड्या जाईपर्यंत दाबून धरलं.

पडदा स्वच्छ झाला.

फोनमधली टिकटिक थांबली. मग जिन्यावरून काहीतरी गडगडत गेलं. बराच वेळ. एवढ्या लहान बाईच्या मानानं फारच वेळ.

"छान!" वयस्कर डॉक्टर म्हणाले. "आता माझ्या छातीवर लावा."

यंत्र सुरेख चाललं. टाळ्याही वाजल्या.

मावशीची झडप अडकली, असं घरच्यांना सांगितलं गेलं. होतं कधीकधी असं.

त्यानंतर बटण एकाच कामाला लागला. 'परत' नावाचं बटण बनवायच्या. खात नव्हता, दाढी करत नव्हता. शेवटी बनवलं. एकट्यानं दाबायची हिंमत होईना, म्हणून मला त्याच खोलीत बोलावलं. तीही दुपारच होती.

चकती रिकाम्या टेबलावर. त्यानं परत दाबलं.

पंखा आला. लिफ्ट आली.

मग टेकड्या आल्या... काट्यासकट.

बटण रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. निदान कुठेतरी आहे म्हटलं.

मग त्याचं रडणं थांबलं.

"भरभर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अजून जिना चढतेय ती."

आम्ही बघत बसलो. ठोके कमी होईनात. इतके दिवस ती चढतच होती. कुठला जिना एवढा मोठा असतो?

आणि मग वेग उतरायला लागला. वर पोचलेलं माणूस श्वास घ्यायला थांबतं ना, तसा.

तिसऱ्या मजल्यावर होतो आम्ही.

दाराबाहेर...

टिक.

टिक.

"घड्याळ आहे का रे बाहेर?" मी विचारलं.

"मीच," दारापलीकडून आवाज आला.

मी बटणकडे पाहिलं. बटण दाराकडे बघतच नव्हता. त्याचं बोट वजावर होतं.

"नको रे," मी म्हणालो. "आई आहे तुझी!"

त्यानं दाबलं.

पडदा स्वच्छ झाला.

बाहेरची टिकटिक थांबली नाही. कडी हलली.

मी मागच्या दारानं लोखंडी जिना उतरलो. उतरलो हा सभ्य शब्द आहे. बटण माझ्यामागे आला नाही. तो आत अजून बटण दाबत होता, खाली येईपर्यंत मला ऐकू येत होतं. खट. खट. खट.

तो सापडला तेव्हा चकती त्याच्याच छातीवर होती. पडद्यावर काहीच नव्हतं. पण तो जिवंत आहे. जेवतो, चालतो, हाक मारली की बघतो. डॉक्टरीणबाईंनी त्याला यंत्र लावून पाहिलं, मग दुसऱ्या डॉक्टरांना जुना स्टेथोस्कोप लावायला सांगितला. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

मग त्यांनीही बाईंसारखी नुसती मान डोलावली.

मी घरातली सगळी घड्याळं काढून टाकली आहेत.

म्हणजे टिकटिक आली तर कळेल.