उंबरठ्याचा दगड

खोटं वाटलं तर वाटू दे. विनया माझी सख्खी नणंद आहे, इथे ऑकलंडमध्येच नर्स आहे, आणि मनाचं काही रचून सांगणारी ती मुळीच नाही.

गेल्या जूनमधली संध्याकाळ. हिल्सबरो, ऑकलंडचंच एक उपनगर.

तिथल्या एका जुन्या लाकडी घरात नोरा नावाची आयरिश म्हातारी एकटी राहते. विनया तिच्याकडे ड्युटीला जाते.

घर लाकडाचं, पण दाराचा उंबरठा दगडी. काळाकुट्ट. नोराच्या पणजोबांनी तो बोटीतून आणला होता, आयर्लंडमधल्या त्यांच्या पडक्या किल्ल्याच्या दरवाजातून उखडून.

त्या किल्ल्यात भाऊबंदांनी एकमेकांचे गळे कापले. तो कितीदा जळला, कितीदा परत उभा राहिला. शेवटच्या वेढ्यात तोफांनीही त्याचा दरवाजा पडला नाही.

मग आतल्या एका बाईला बाहेरून मुलाची हाक आली.

मुलगा तर आधीच मेला होता...

तरी तिनं दार उघडलं.

आत कुणी जिवंत राहिलं नाही.

"आज तीच तारीख," नोरा म्हणाली. "हाक आली तर उघडू नकोस."

विनया हसली. तिनं सूप गरम करायला ठेवलं.

जून म्हणजे इकडे थंडीचे दिवस, लवकरच अंधारलं. आणि अचानक... बाहेरचे आवाजच बंद झाले. गाड्या नाहीत. वारा नाही.

मग दारावर थाप.

"विनू... दार उघड गं. फार थंडी आहे इथे."

मराठीत! आणि आवाज...

बाबांचा.

माझे सासरे कोविडमध्ये गेले, साताऱ्याला. इथली बॉर्डर बंद होती. विनयानं त्यांना शेवटचं पाहिलं ते फोनच्या स्क्रीनवर.

तिचा हात कडीवर गेला. "वहिनी, मी उघडणारच होते," ती म्हणते.

तेवढ्यात मागून नोराची धाप ऐकू आली. म्हातारी मानेनंच 'नको, नको' म्हणत होती.

विनयानं हात मागे घेतला. दाराला पाठ लावून खाली बसली.

"नाही उघडणार."

"विनू, मी एकटाच गेलो गं... तू आली नाहीस..."

ती हमसून रडली. मग ओरडली, "बाबा असाल तर रागवा माझ्यावर! दुसरं कुणी असलात तर नीट ऐका. ही माझी पेशंट आहे. आधी मला तुडवा, मग आत या!"

दार हादरलं. बिजागऱ्या करकरल्या. खालचा दगड तापला... आता बाहेर खूप आवाज होते. एकाचीही भाषा तिला कळत नव्हती.

आणि मग रस्त्यावरून एक गाडी गेली.

सगळं थांबलं होतं.

बाहेर कुणी नव्हतं. दारावर मात्र हातांचे ठसे होते, काजळीचे. त्यात लहान मुलांचेही...

"ते काम सोड," माझा नवरा सुशील तिला म्हणाला.

"आणि नोराजवळ कोण बसेल?"

उद्या परत तीच तारीख. विनयानं ड्युटी मागून घेतली आहे.

"बाबा परत रडले तर?" मी विचारलं.

"रडू देत. मीही रडेन. दार उघडणार नाही."

तिची काळजी नाही मला. पण सुशीलची आहे. आत्ता म्हणाला, "मीही जातो उद्या. फक्त एकदा... आवाज ऐकायला."

गाडीची किल्ली मी माझ्याजवळ ठेवली आहे.

पण आमच्या माउंट रॉस्किलहून तिकडे बसही जाते...