पॉइंटमधला कागद

इंजिन सुरू झालं असतं तर कुणाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी सांगते. बाबांच्या दुखऱ्या खांद्याला विश्रांती. पैलतीरावरच्या वखारवाल्यांना आमची होडी, कारण इंजिन चालू असेल तरच ते ती घेणार होते. शहरातल्या दादाला निवांत झोप, कारण बाबा त्याच्याकडे राहायला जाणार होते. आणि मला? दादाच्या तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, जिथून पाणी फक्त नळात दिसतं.

म्हणून मी इंजिन सुरू होऊ देत नव्हते.

होडीच्या मागे लटकणारं ते इंजिन माझ्याहून दोन वर्षांनी मोठं. त्याच्या डोक्यावर एक जड चाक आहे आणि त्या चाकाला एवढीशी खिडकी. आत डोकावलं की दोन चिमुकले पॉइंट दिसतात. ते एकमेकांना टेकतात, दूर होतात, आणि त्या दूर होण्यातून ठिणगी पडते. मधे कागदाचा कपटा सारला की संपला खेळ. पूर्वी बाबाच चोरांच्या भीतीने होडी बांधताना तिथे कागद सारून ठेवायचे. ती सवय सुटून दहा-बारा वर्षं झाली, ते केव्हाच विसरले असणार, असा माझा हिशेब. मी चिमट्याने जुन्या तिकिटाचा तुकडा आत सरकवला आणि साळसूदपणे वल्ही हातात घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी पैलतीरावरून एकच उतारू मिळाला. हातात पत्र्याची पेटी, बाह्या दुमडलेल्या, आणि नजर... माझ्यावर नाही, इंजिनावर!

"हे असताना वल्ही का मारताय?"

"रुसलंय ते."

"कुणावर?"

"चौकशा करणाऱ्या उतारूंवर."

तो हसला. खळी एकाच गालाला होती. दुसरा गाल आपला गंभीर. "एक वल्हं द्या इकडे."

"उतारूंनी बसून राहायचं असतं."

"आणि तुम्ही मधेच दमलात तर? मी काय पोहत जाऊ?"

पाण्यावर धुकं होतं, वल्ह्यावरून थेंब टपटपत होते... आणि मी उगाचच जरा लांबच्या वाटेने होडी नेली. काठाला लागलो तर बाबा उभे. "या मिस्त्री, या! वेळेवर आलात."

म्हणजे ज्याच्यापासून इंजिन लपवायचं, त्याला मीच घाम गाळून घरी आणलं होतं. वर त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायलाही विसरले.

मिस्त्रीला घाई माहीत नव्हती. त्याने प्लग काढला, वायरीसकट इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला. "ओढा दोरी." मी ओढली. ठिणगी नाही. नवा प्लग... नाही. इंजिन बंद करायच्या बटणाची वायर सोडवली. "कधी कधी हीच चावटपणा करते." नाही. मग कॉइलला मीटर लावलं. "कॉइल ठणठणीत." एकेक करत तो त्या खिडकीकडे सरकत होता, आणि माझा जीव खालीवर.

"चहा घेता?"

"आत्ताच झाला."

"मग पाणी?"

"मी इथून उठायला हवाय," मान वर न करता तो म्हणाला, "की इथेच बसायला?"

माझे कान तापले. बाबा पुसायला फडकं आणायला घरात गेले होते. त्याने खिडकीत बॅटरी मारली, थांबला, आणि चिमट्याने तो कपटा अलगद बाहेर काढला. त्यावर माझ्याच हातचा आकडा.

"हे अक्षर...?"

"होडी विकतायत," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा... इंजिनाकडे पाहतो तसं, लक्ष देऊन.

"काय मिस्त्री, सापडलं का?" बाबा फडकं घेऊन आले.

तिकीट खिशात गेलं. "पॉइंट गेलेत, काका. मागवावे लागतील. आठ दिवस."

ते आठ दिवस तो रोज आला. काय तपासायला, देव जाणे. सकाळच्या फेरीला एक वल्हं त्याचं, एक माझं. त्याचं सारखं उलटं पडायचं आणि होडी जागच्या जागी गिरकी घ्यायची. उतारू वैतागायचे. आम्ही नाही.

आठव्या दिवशी होडी रिकामी होती. तो म्हणाला, "उद्या वखारवाले येणार. मला इंजिन सुरू करावं लागेल."

"आणखी एकदा खोटं बोलता नाही येणार?"

"मग काकांच्या डोळ्याला डोळा कसा देऊ?"

"द्यायचाच कशाला?"

"त्यांच्याकडे एक मागायचंय..." तो वल्ह्याकडे बघत म्हणाला. "तुझी हरकत नसेल तर."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. मी पाण्यात हात घातला. पाणी गार होतं, आणि उद्यापासून ते माझं नव्हतं.

"मग कर सुरू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वखारवाले छत्री टेकून उभे. मिस्त्रीने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच शपथ घेतली — मी नाही!

त्याने खिडकीत बॅटरी मारली. मीही वाकले. पॉइंटमधे कागद होता. कॅलेंडरच्या पानाचा तुकडा, त्यावर कालची तारीख. आमच्या घरात रोज सकाळी आदल्या दिवसाचं पान फाडणारं माणूस एकच. आणि ते माणूस पैलतीर असा निरखत होतं, जणू जन्मात प्रथमच पाहतंय.

दादाला शब्द दिला होता त्यांनी. मोडता येत नव्हता, पाळवत नव्हता.

मिस्त्री उठला. हात पुसले. "नाही जमत, काका. माझ्याच्याने हे होणार नाही."

"एवढंसं इंजिन जमत नाही, आणि म्हणे मिस्त्री!" वखारवाले छत्री आपटत निघून गेले.

डोळ्याला डोळा देण्याची चोरी आता बाबांची झाली. ते पायाकडे बघत म्हणाले, "जेवून जा, मिस्त्री."

"जातो. पण काका, एक मागायचं होतं..."

"ठाऊक आहे. आठ दिवस होडी गरागरा फिरतेय, ती काय मला दिसत नाही?"

होडी राहिली. दादाला सांगायला बाबांना कारण मिळालं. मला पाणी मिळालं, आणि दुसऱ्या वल्ह्याला माणूस. वखारवाल्यांनी मात्र दोन्ही काठांवर बोभाटा केला, आणि वर्षभर कुठूनही एकही इंजिन त्याच्याकडे आलं नाही. आमच्या सगळ्यांच्या वाट्याचं त्याने एकट्याने भरलं, ते स्वतःच्या नावाने.

आता बाबा नाहीत. इंजिन आहे, पहिल्या ओढीला सुरू होतं. तरी काठावर एखादं जुनं माणूस भेटलं की डोळे मिचकावून विचारतंच, "काय मिस्त्री, ते इंजिन जमलं का शेवटी?"

तो माझ्याकडे बघतो. एकाच गालाला खळी पडते.

"नाही हो," तो म्हणतो, "अजून नाही."