मावशीच्या रेकॉर्डिंगमधला ‘शू...’

पटो न पटो, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. रात्री-अपरात्री नाही. बुधवारी, भर दुपारी अडीच वाजता, तिच्या दुकानामागच्या खोलीत.

मावशी शिलाई मशीन दुरुस्त करते. काम काकांकडून, म्हणजे तिच्या नवऱ्याकडून शिकली, पण कान तिचा जास्त तयार. नुसतं मशीन ऐकून बिघाड सांगायची. मात्र गिऱ्हाइकासमोर तिने तोंड उघडलं, की काका तिला गप्प करायचे.

काका गेले. मावशीने ठरवलं, आता आपण शिकवायचं. घरातला जुना, साधा व्हिडिओ कॅमेरा काढला आणि बायकांसाठी धडे रेकॉर्ड करायला घेतले.

चित्र ठीक होतं. आवाजाची मात्र बोंब. खालच्या दोऱ्याच्या सैल शटलची टकटक कुठली आणि वाकड्या सुईची खटखट कुठली, काही कळेना. मग शिकणार काय, कप्पाळ?

शेजारच्या फोटोवाल्याने उपाय सांगितले. पंखा बंद करायचा. भिंतींवर जाड रजया टांगायच्या. कॅमेऱ्याचा माइक लांबून सगळी खोली ऐकतो, म्हणून वेगळा रेकॉर्डर मशीनपासून वीतभर अंतरावर ठेवायचा. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात.

त्या बुधवारी तिने सगळं तसंच केलं. दार लावलं. टाळी वाजवली. धडा सांगितला.

मग हेडफोन लावून ऐकलं.

खरखर गेली होती. सुईचा खटका अगदी स्वच्छ.

आणि तिच्या बोलण्यावर...

‘शू...’

तिला वाटलं, मशीनचाच काहीतरी आवाज. पुन्हा रेकॉर्ड केलं. न बोलता, नुसतं मशीन चालवून.

काही नाही.

मग मशीन थांबवून एकच वाक्य बोलली.

‘शू...’

तिने फोटोवाल्याला बोलावलं. त्याने दोनदा ऐकलं. हेडफोन हळूच टेबलावर ठेवले.

“ताई, तुम्ही बोलूच नका. मुका व्हिडिओ करू. खाली अक्षरं टाकू.”

“एकवीस वर्षं मुकीच होते,” मावशी म्हणाली. “आता नाही.”

तो निघून गेला. मावशी एकटी उरली.

कोण असेल? काका? की तिचे वडील? तिला गप्प करण्यात तेही काही कमी नव्हते. पण ‘शू’ला स्वतःचा असा आवाजच नसतो. बाईचं की पुरुषाचं, तेही कळत नाही. ज्या कानाने शेकडो मशीनं ओळखली, त्याला हे ओळखता येईना.

तिने रेकॉर्डर पुन्हा चालू केला. या वेळी हेडफोन कानावरच ठेवले.

“आज आपण शटल बसवायला शिकू...”

‘शू...’

मानेवरचे केस हलले.

पंखा बंद होता.

हातातला स्क्रू ड्रायव्हर निसटला. तिने तो उचलला. तेच वाक्य पहिल्यापासून म्हटलं, जरा मोठ्याने.

‘शू...’

आणखी जवळून.

तिने आणखी आवाज चढवला. शेवटी शेवटी घसा फाटला, पण धडा पुरा केला. तो ‘शू’ तिने कापलाही नाही. मी थांबले नाही, हे बायकांना ऐकू दे की, म्हणाली.

ती अजून शिकवते. ‘शू’ अजून येतो. आता दोन बाजूंनी येतो, आणि ती दोघांच्या वरताण बोलते.

मागच्या आठवड्यात मी दुकानात गेले होते. मावशीने मला हेडफोन दिले. किती ऐकू येतात, ते सांग म्हणाली.

मी ऐकलं. दोनच होते. हेडफोन काढून बाजूला ठेवले. सांगायला तोंड उघडलं...

आणि माझ्या उघड्या कानाशी, अगदी खेटून...

‘शू...’

मावशीला ऐकू आला नाही.

हे सांगतानासुद्धा मधूनमधून तो येतोच आहे. येऊ दे. मी सांगतेय.