क्लॅरीकाकांची नजर

ऑस्ट्रेलियात मकायजवळच्या उसाच्या पट्ट्यात एका मळेवाल्याचं जुनं घर आहे. क्लॅरीकाकांचं चित्र काढायला नोलीन तिथे गेली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दिवाणखान्यात पंखा घरघरत होता आणि काकांना नेहमीसारखी भूक लागली होती.

काकांच्या आजोबांना पॅसिफिकमधल्या तान्ना बेटावरून फसवून जहाजात घातलं होतं आणि याच मळ्यात गुरासारखं राबवलं होतं. आता घराचं संग्रहालय होत होतं. मालकांच्या तसबिरी उतरवून तिथे त्या मजुरांच्या नातवंडांची चित्रं लागणार होती. भिंतींना लावायचा नक्षीचा कागदही नोलीननंच रेखला होता. उसाच्या पात्यांत गुंफलेली, बिनखुणेच्या थडग्यांत गेलेल्या माणसांची नावं. तिचे पणजोबाही त्यांत होते.

"नाक जरा लहान काढ, पोरी," मालकाच्या खुर्चीत ऐसपैस बसत काका म्हणाले.

"गप्प बसा. आणि सरळ माझ्याकडे बघा."

"त्यासाठीच तर आलोय. माझ्या आजोबांनी इथे मान वर केली की चाबूक बसायचा."

संध्याकाळपर्यंत चित्रातले डोळे थेट समोर बघू लागले. दुसऱ्या सकाळी ते जमिनीकडे झुकलेले होते. कुणीतरी खोडसाळपणा केला असेल, म्हणून नोलीननं ते पुन्हा रंगवले. तिसऱ्या सकाळी ते आणखी खाली गेले होते. रंग वाळलेला, फटकारे तिच्याच हातचे. खोलीत जळक्या काकवीचा वास कोंडला होता.

"काका, वर बघा," ती चौथ्या दिवशी म्हणाली.

"बघतोय ना..."

ते जमिनीकडे बघत होते. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी हनुवटी वर ढकलली. डोळे खालीच राहिले, आणि त्यांतून पाणी वाहू लागलं.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. नोलीन संग्रहालय उभारणाऱ्या बाईंकडे गेली. "हे चित्र लावू नका."

"छे, काहीतरीच! किती नम्र दिसतात ते. लोकांना हेच भावतं."

खरंच भावलं. उद्घाटनाला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हनुवटी छातीला टेकवून काकांनी त्या ऐकल्या. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा लाजला."

दुसऱ्या दुपारी नोलीननं ते चित्र चौकटीतून कापून आणलं आणि काकांच्या परसात जाळलं. पार राख होईपर्यंत ती उभी राहिली. मग ओसरीत त्यांच्यासमोर येऊन बसली.

"आता...? बरं वाटतंय?"



"तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही," ते हळूच म्हणाले. "मालकाच्या खुर्चीत बसलो त्या दिवसापासून समोर बूट दिसतात. उंच, चिखलानं भरलेले. जाईन तिथे... माझ्यासमोर उभे."

"आत्ता पण?"

"आहेत ना. पण आत्ता बुटांची टोकं फिरली, पोरी. तुझ्याकडे..."

नोलीनला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं होतं. तिला फक्त त्यांच्या सपाता दिसत होत्या.