बार मागे, मी पुढे

मी खाली बसले ती बसलेच. खांद्यावर साठ किलोचा बार, गुडघे लटपटताहेत आणि वर उठायचं नाव नाही. सकाळचे साडेसहा... जिममध्ये माझ्याशिवाय एकच प्राणी होता. माझ्या खांद्याला जेमतेम लागेल एवढा, चष्मा पुसत उभा.

"मागून धरू का?" त्याने विचारलं.

"काही गरज नाही." कुणीतरी छातीवर बसल्यासारखा आवाज निघाला माझा.

बार ठेवायच्या रॅकला दोन्ही बाजूंनी सेफ्टीच्या दांड्या असतात. उठता आलं नाही की बार त्यांच्यावर टेकवायचा आणि खालून निसटायचं. त्या मी स्वतःच काढून ठेवल्या होत्या. म्हटलं, असल्या गोष्टी हरणाऱ्यांसाठी.

"मग टाकून द्या," तो शांतपणे म्हणाला. माझ्या मागे काही आड येत नाही हे बघून तो बाजूला झाला. "छाती वर. हात सोडा, बार मागे जाऊ द्या आणि त्याच क्षणी तुम्ही पुढे उडी मारा."

"सोडू...?"

"सोडा हो. लोखंड आहे, त्याला वाईट नाही वाटत."

मी सोडला. मागे धाडकन आवाज झाला, मी चार पावलं धडपडले आणि उभी राहिले. धडधाकट. आणि मला चक्क रडू आलं.

आता रडायचं कारण सांगते. मी गणिताची शिक्षिका, उंची पाच फूट अकरा. वर्गातली पोरं पाठीमागे शिडीबाई म्हणतात, त्याचं काही नाही. पण तीन वर्षांपूर्वी 'मुलगी फारच उंच दिसते' म्हणून ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून, जमेल याची खात्री नसलेलं काही म्हणून मी हातात घेतलं नव्हतं. त्या दिवशी कुठून दुर्बुद्धी झाली आणि पाच किलो वाढवले.

चौकात त्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून मी त्याला चष्मेवाले म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून त्याने मला बार पाडायला शिकवलं. आधी नुसता रिकामा बार. दहा वेळा बसायचं, दहा वेळा टाकायचा.

"शाळेतल्या बाई असून नापास व्हायची सवय नाही तुम्हाला?"

"तुम्हाला आहे वाटतं?"

"भरपूर. लग्नासाठी भेटलेली मुलगी आधी माझ्याकडे बघते... मग माझ्या मागे आणखी कुणी आहे का, ते बघते."

मी हसले. मग रोजच हसायला लागले. "जिममध्ये विनोद शिकवतात का गं?" आईने विचारलंच.

दोन महिने असे गेले — आणि एका सकाळी हातरुमालाची घडी घालत तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात दुकान हलवतोय. बाबा गावी एकटे आहेत, आता जायलाच हवं."

"अच्छा," मी म्हणाले. केवढी शहाणी मी.

घरी येऊन जेवलेच नाही. "तो नाही म्हणाला तर?" मी आईला विचारलं.

"तर नाही म्हणेल. पुढे?"

पुढचं मला सुचेना, म्हणून चप्पल घातली.

दुकानात खोकी बांधणं चाललं होतं. तो काही विचारायच्या आत मी बोलून टाकलं, "मला तुम्ही आवडता. खूप. नाही म्हणालात तर रडेन, पण... उभी राहीन."

त्याच्या हातातला दोरा तसाच राहिला. माझे कान तापले.

"तिकडे दोन शाळांत गणिताची जागा आहे," शेवटी तो म्हणाला. "रविवारी जाऊन विचारून आलो..."

"माझ्यासाठी?"

तो मान खाली घालून दोऱ्याला गाठ मारायला लागला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

मी एक खोकं ओढून त्यावर बसले. आता आमचे डोळे अगदी समोरासमोर होते.

"सांगा," मी म्हणाले, "त्यातली तुमच्या घरापासून जवळ कुठली?"