शनिवारी गाडी ओरडली नाही

कन्नय्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढला नाही.

"माझी बायको गेली," ते म्हणाले. "कुणामुळे गेली ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

मलेशियातल्या इपोह शहरातल्या त्या गुप्तहेर कचेरीत लोक यायचे ते बहुधा पळालेल्या नवऱ्यांच्या शोधात. दैवानै अक्कांनी असे नवरे पुष्कळ शोधून दिले होते. झुल त्यांची मोटार चालवायचा, चहा आणायचा आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. या शेवटच्या कामाचा पगार त्याला मिळत नसे.

अक्कांनी डबा उघडला. आत एक जुना फॅनबेल्ट, इंजिनाचा पंखा फिरवणारा रबरी पट्टा, वेटोळं करून ठेवला होता.

"तिळाच्या लाडवांचा डबा वाटतं?" झुलने नाक पुढे केलं.

"बिस्किटांचा. तीळ कधी ठेवलेच नाहीत यात."

अक्कांनी बेल्ट बोटांत फिरवून पाहिला. आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत झाली होती, पण कडा मऊ पडून फुगल्या होत्या. त्यांनी झाकण लावलं.

"सुरुवातीपासून सांगा, अण्णा."

कन्नय्यांचा फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक त्यांच्या धाकट्या मेहुण्याच्या वयाचा, म्हणजे चांगलाच जुना. दरीतल्या मळ्यांतून कोबी वर आणायचा आणि आठवड्यातून तीनदा सेल्लम्माला डायलिसिससाठी वरच्या गावातल्या इस्पितळात पोचवायचा. पावसाळ्यात त्या रस्त्यावर दुसरं काही टिकतच नसे. मग आ हेंग मेकॅनिकने पाण्याचा पंप बदलला आणि तेव्हापासून रेडिएटरमागचा पंखा किंचाळू लागला.

"मी गाडी परत नेली, तर म्हणतो ओरडू दे, काही होत नाही. त्या आठवड्यात दरड कोसळली, गुरुवारची फेरी हुकली. शनिवारी पहाटे निघालो. तिला श्वास पुरत नव्हता. चढावर इंजिन उकळलं, गाडी बंद पडली. त्या वळणावर फोन लागत नाही. मी नुसता तिच्याजवळ बसून होतो. दुसरं काय करणार?"

"निघताना गाडी ओरडत होती?"

"नाही. तेवढीच देवाची कृपा. आळीतून अगदी गुपचूप निघालो. सेल्लम्मा हसलीसुद्धा. म्हणाली, बघा, आज कुणाची झोप मोडली नाही. नीट असं ती शेवटचं तेवढंच बोलली."

दुसऱ्या दिवशी अक्का आणि झुल कन्नय्यांबरोबर दरीत उतरले. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, बॉनेट उघडं.

"बॉनेट असंच असतं?" अक्कांनी विचारलं.

"रोज. आल्यावर इंजिन निवायला उघडं टाकतो. सकाळी लावतो."

अक्कांनी बाह्या सारल्या. त्यांचे वडील लॉऱ्या दुरुस्त करायचे, आणि त्यांना ही एकच लेक होती. बेल्ट काढून डब्यात ठेवलेला, तेव्हा त्यांनी पंख्याचं पातं एका बोटाने ढकललं. पंखा अलगद फिरला, कुठेही खरखर नाही. हलवून पाहिला, आस तसूभरही डुलत नव्हता. मग बेल्ट बसतो त्या पुलीच्या खाचेत बोट घालून त्यांनी ते झुलच्या नाकापाशी नेलं.

"पुन्हा लाडू," झुल म्हणाला.

घरात देव्हाऱ्यासमोर चोचीचं पितळी तेलपात्र होतं. त्याच्या तळाला धूळ बसली होती.

"आता मी दिवा लावत नाही," कन्नय्या म्हणाले. "त्या शुक्रवारी दिवा मध्येच विझला. सेल्लम्माचा दिवा कधी विझला नव्हता हो. मी तेव्हाच समजायला हवं होतं."

अक्कांनी पात्र उचलून चोचीचा वास घेतला. त्यांचा चेहरा पडला, आणि झुलने ते पाहिलं.

आ हेंग आपल्या गॅरेजमध्ये पाने-पकडी खोक्यात भरत होता. महिनाभर आळीतल्या कुणी त्याला काम दिलं नव्हतं. गाव सोडायची तयारी चालली होती.

"पंप चांगला होता," तो म्हणाला. "बेल्ट ताणून ताणून सैल पडलेला, आणखी ताणायला जागाच नव्हती. नवा मंगळवारी येणार होता. मी कन्नय्याला म्हटलं, ओरडू दे, ओरडतोय तोवर थोडाफार पकडतोय. सावकाश चालव, बेल्टवर काही लावू नकोस." भिंतीवरच्या खिळ्याकडे त्याने हात केला. नवा बेल्ट तिथेच लटकत होता. "त्याच्या लग्नात मी गाडी सजवली होती, अक्का. आता तो मला खुनी म्हणतो."

"हे सांगितलंत तेव्हा सेल्लम्मा होत्या?"

"नाही. आम्ही दोघंच."

लॉरीवाला सूपय्या चिडलेलाच भेटला. "हो, मला तो ट्रक विकत हवा होता. म्हणून काय इंजिन जाळीन? जळका ट्रक घेऊन मी त्यात कोंबड्या पाळू? त्या सकाळी मीच वहिनींना माझ्या लॉरीत घेतलं. पण उशीर झाला होता."

"हाच तो," मोटारीत बसताच झुल म्हणाला.

"म्हणजे हा नक्की नव्हे," अक्का म्हणाल्या.

शेजारची पाप्पाथी भाजी निवडत बसली होती.

"तो ट्रक म्हणजे आमचा कोंबडा. ओरडला की आख्खी आळी जागी. मी म्हणायची, उठा गं, सेल्लम्माबाईंची वरात निघाली. गंमत हो. तीही हसायची." पाप्पाथीचा हात थांबला. "पुढे पुढे मात्र हसायची नाही. एकदा म्हणाली, माझं दुखणं गावभर ओरडत फिरतंय. आणि त्या शनिवारी गाडी गेलेली कळलंच नाही. मी झोपूनच राहिले."

शेडकडे परतताना झुल म्हणाला, "अक्का, मला समजलंय बहुतेक. आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं. सांगायलाच हवं का?"

"न सांगावं तर आ हेंग गाव सोडतो. सांगावं तर हा माणूस उभा मोडतो. तिसरी वाट असेल तर तू शोध. मला सापडली नाही."

झुललाही सापडली नाही.

संध्याकाळी सगळे शेडमध्ये जमले. अक्का गाडीला टेकून बोलू लागल्या.

"पंखा आणि पंप एकाच आसावर असतात, आणि त्याचं बेअरिंग निर्दोष आहे. पंप वाईट असता तर हाताने फिरवताना खरखरला असता, डुलला असता. म्हणजे आ हेंगचं काम चोख होतं. ओरडत होता तो सैल बेल्ट. पण नुसता सैल बेल्ट कडांना असा मऊ होऊन फुगत नाही. त्याला तेल लागलं होतं."

"इंजिनचं गळलं असेल," सूपय्या म्हणाला.

"ते काळं असतं, त्याला जळकट वास येतो. या बेल्टला आणि पुलीला तिळाचा वास आहे. वैऱ्याने बेल्ट कापला असता नाहीतर हाताशी असलेलं डिझेल ओतलं असतं. इथे घरातलं, दिव्याचं तिळाचं तेल, चोचीच्या भांड्यातून, नेमकं ओरडणाऱ्या जागी घातलंय. दार कुरकुरलं की बिजागरीला घालतो ना आपण, तसं. बेल्टला तेल चालत नाही. थोडा वेळ तो गप्प बसतो, मग चढावर जोर लागला की घसरतो. पंखा मंदावतो, पंप मंदावतो, इंजिन उकळतं."

कन्नय्या एकटक बघत होते.

"अण्णा, शुक्रवारी दिवा विझला तो अपशकुन नव्हता. त्यातलं तेल संपलं होतं. बरंचसं इथे आलं होतं. बॉनेट उघडंच होतं. बेल्टवर काही लावू नका हे आ हेंग तुम्हाला म्हणाला, ते घरात कुणाला माहीत नव्हतं. आणि सकाळी गाडी गप्प निघाली तेव्हा तुम्हाला नवल वाटलं. सेल्लम्मांना वाटलं नाही. त्या हसल्या. कुणाची झोप मोडली नाही, म्हणाल्या."

पाप्पाथीने पदर तोंडात धरला. "मी गंमत करत होते," ती म्हणाली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.



"तिने मला विचारायचं ना," कन्नय्या म्हणाले. मग अक्कांकडे वळून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आता मी रागावू कुणावर?"

 

आ हेंग उठला आणि गॅरेजमधून नवा बेल्ट घेऊन आला. कुणाला न विचारता त्याने तो चढवला, ताणला, बोल्ट आवळले. कन्नय्या जवळ गेले आणि त्याच्यासाठी टॉर्च धरून उभे राहिले.

आ हेंगने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पंखा फिरू लागला, कसलाही आवाज न करता.

"तिला एवढंच हवं होतं," कन्नय्या म्हणाले.

त्यांनी टॉर्च विझवला, पण गाडी बंद करायला काही सांगितलं नाही. आ हेंगनेही केली नाही.