साहेब ‘बसा’ म्हणेपर्यंत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी खी-खी केलं तर मी सरळ उठून झोपायला जाईन. हे कुठे वाचलेलं नाही. माझ्या थोरल्या साडूंच्या बाबतीत घडलेलं आहे आणि त्यांनी ते एकदाच, फक्त मला सांगितलं.

साडू पंपांच्या कारखान्यात साहेबांचे सेक्रेटरी होते. सव्वीस वर्षं. साहेब म्हणजे कारखान्याचे सर्वेसर्वा. शिवाय रुग्णालय, वाचनालय, पोहण्याचा तलाव, जिथे म्हणून अध्यक्षाची खुर्ची असेल तिथे हे आपले बसलेले. भाषण इतकं गोड करायचे की ऐकणाऱ्याला स्वतःच्या बापात खोट दिसावी. ते वारले तेव्हा लोकांनी दुकानं बंद ठेवली, आणि तीही आपणहून.

कारखान्यातली माणसं मात्र त्यांना चांगली ओळखून होती. साहेबांच्या केबिनमध्ये पाच खुर्च्या होत्या, पण साहेब ‘बसा’ म्हणेपर्यंत कुणाची बसायची टाप नव्हती. ज्याचं काम चुकलं त्याच्यावर साहेब कधी आवाज चढवायचे नाहीत. त्याला नुसतं ‘बसा’ म्हणायचे नाहीत. बाकीच्यांशी हसतखेळत बोलायचे, चहा प्यायचे, आणि तो बिचारा आपला उभा.

तर, सतरा नोव्हेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी शोकसभा होती. सभागृह साहेबांच्याच नावाचं. संध्याकाळी बाईसाहेबांचा साडूंना फोन आला.

“फोटो आजच नेऊन ठेवा. आणि ते वाचायचंय ना तुम्हाला, ते एकदा माईकवर वाचून बघा. अडखळलेलं त्यांना खपायचं नाही.”

“हो बाईसाहेब,” साडू म्हणाले. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

साहेबांचा जीवनपट साडूंनीच लिहिला होता. सात पानं. जन्मापासून शेवटच्या सत्कारापर्यंत सगळं होतं त्यात. एक स्टोअरकीपर तेवढा नव्हता.

हा कानावर पेन्सिल खोचून कारखान्याचं सामान सांभाळायचा. चोपन्न वर्षांचा, नुकताच हृदयाच्या दुखण्यातून उठलेला. त्याच्या हातून एक पेटी चुकीच्या ट्रकमध्ये चढली. साहेबांनी त्याला केबिनबाहेर, साडूंच्या टेबलासमोर उभं केलं. “मी सांगेपर्यंत.” अकराला साहेब मागच्या दाराने निघून गेले. कुठे? रुग्णालयात, हृदयरोग विभागाचं उद्घाटन करायला! केबिन रिकामी आहे हे साडूंना ठाऊक होतं. त्यांच्या टेबलाशेजारची खुर्चीही रिकामीच होती. त्या माणसाने तीनदा त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता रे. साडू मान खाली घालून टाइप करत राहिले.

चार वाजून पाच मिनिटांनी तो कोसळला. दवाखान्यात न्यायच्या आत गेला. पुढे साहेबांनी त्याच्या मुलीला नोकरी दिली. ते मात्र पान पाचवर अगदी ठळक लिहिलेलं होतं.

नऊला दहा मिनिटं कमी असताना साडू सभागृहावर पोचले. रखवालदाराने कुलूप काढून दिलं, दोन दिवे लावले आणि तो फाटकावर गेला. साडूंनी फोटो स्टँडवर ठेवला. काचेवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. मग माईकसमोर उभं राहून सातही पानं वाचली, एकदाही न अडखळता. शेवटचं वाक्य होतं, “आता आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या.”

घड्याळात नऊ बावीस झाले होते. माणूस कामात चोख. तालीम पुरी करावी म्हणून साडूही मान खाली घालून स्तब्ध राहिले.

खट्.

आवाज सगळ्यात मागच्या रांगेतून आला. तिथल्या खुर्च्या कशा, माणूस उठला की बैठक आपोआप वर होते. खट्... खट्... रांगेमागून रांग आवाज पुढे येत होता.

आता जरा विचार करा. रिकाम्या सभागृहात सगळ्या बैठका आधीच वर असतात. आवाज व्हायचा तर आधी कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

साडूंनी मान वर केली नाही. आवाज पहिल्या रांगेपर्यंत आला.

थांबला.

मग त्यांनी पाहिलं.

खुर्च्या रिकाम्या. सगळ्या. पण रांगेपुढे, मोकळ्या फरशीवर, तो उभा होता. कानावर पेन्सिल. पाय थरथरत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. तो नुसता साडूंकडे बघत होता. त्या दिवशी पाहिलं होतं, तसंच.

नऊ चोवीस. दोन मिनिटं झाली.

आता माईकवरच्या माणसाने काय म्हणायचं असतं? एकच शब्द. साडूंनी तोंड उघडलं...

आणि फोटोकडे पाहिलं.

परवानगीसाठी! अरे, कागद होता तो. काच आणि कागद. साहेब हसत होते, सगळ्या फोटोंत हसायचे तसेच.

साडूंनी तोंड मिटलं.

साडेनऊ. दहा. अकरा...

तो उभा. हे उभे.

दोन. चार...

सकाळी सहाला रखवालदार आत आला. साडू माईकसमोर होते. पाय इतके सुजलेले की बूट कापून काढावे लागले. तो बिचारा म्हणाला, “अहो, बसा की जरा.”

साडू त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, “त्यांना अजून सांगितलं नाही.”

शोकसभा झाली झोकात. सात पानं दुसऱ्या कुणीतरी वाचली, लोकांनी डोळे पुसले. साडू पुढे चार वर्षं जगले. जेवायचे उभ्यानेच. झोपायचे आडवे, पण बसणं म्हणून नाही. मी खांदे धरून खाली दाबून पाहिलंय, गुडघे वाकेनात. तुमची मावशी त्यांच्यापुढे खुर्ची ठेवून रडायची. मला तिची दया येते. त्यांची येत नाही. खोटं कशाला बोलू?

त्या पहिल्या रांगेपुढच्या फरशीवर दोन खळगे आहेत. बुटांच्या तळव्याएवढे. फरशी दोनदा बदलली. तिसरीवरही उमटले. गेल्या महिन्यात मी मुद्दाम गेलो होतो. दुपारी, लख्ख उजेडात. कुणी नव्हतं. मी मोठ्याने म्हणालो, “बसा.”

काही झालं नाही.

मग मी वाकून हात लावला. फरशी गार होती. ते दोन खळगे... कोमट होते.